अनुदान पवनचक्कीला की विजेला?

ऊर्जेच्या नव्या साधनांचा विकास करणाऱ्या उद्योगांना शासनाने साहाय्य द्यावे की नाही, हा प्रश्न भारतापुरता तरी आता निकालात निघालेला आहे. सौर पॅनेलांच्या निर्मितीसाठी २०२१ व २०२२ मध्ये मिळून २४ हजार कोटी रुपये, प्रगत बॅटऱ्यांसाठी २०२१ मध्ये १८ हजार १०० कोटी, हरित हायड्रोजनसाठी जानेवारी २०२३ मध्ये १९ हजार ७४४ कोटी, अशा योजना केंद्र सरकारने एकामागून एक जाहीर केल्या. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवप्रवर्तन यांत खाजगी क्षेत्राने पैसा घालावा म्हणून १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. त्या योजनेच्या कक्षेत ऊर्जाक्षेत्रही येते.

मदत द्यावयाची हे ठरले आहे. ती नेमकी कशाबद्दल द्यावयाची, किती काळ द्यावयाची आणि तिच्या बदल्यात जनतेच्या पदरात काय पडावयाचे, यांची चर्चा मात्र अर्थसंकल्पाच्या दिवसापुरतीही होत नाही. वस्तुतः ती व्हावयास हवी. शिक्षक, कारकून आणि अन्य पगारदार यांचा प्राप्तिकर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. तो पुढे ढकलण्याची सोय त्यांना नाही. उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींचा मोठा भाग मात्र न घेतलेल्या कराच्या रूपाने दिला जातो. तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही आणि म्हणून डोळ्यांतही येत नाही. सोडून दिलेल्या महसुलाचे विवरणपत्र केंद्रीय अर्थसंकल्पासोबत मांडण्याची प्रथासुद्धा २००६-०७ पासूनची आहे.

या विषयाचा जगातील अनुभव आता जवळजवळ पन्नास वर्षांचा झाला आहे. त्यात यश आहे, अपयशही आहे. आणि दोहोंचा नीट अभ्यास केला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मदतीच्या रकमेपेक्षा मदतीच्या अटीच अधिक निर्णायक ठरल्या आहेत. शासनाने ज्या गोष्टीचे पैसे मोजले तीच गोष्ट त्याला मिळाली. यंत्र उभारण्याचे पैसे मोजले तेथे यंत्रे उभी राहिली. चाललेल्या यंत्राचे आणि निर्माण झालेल्या विजेचे पैसे मोजले तेथे वीज मिळाली.

बाजार एकटा का पुरत नाही

नव्या उद्योगाला त्याच्या बाल्यावस्थेत शासनाचा आधार असावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट यांच्या विचारांचा आधार घेतला होता. मुक्त व्यापाराचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडतात ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मागासलेल्या देशात उद्योगांची उभारणी व्हावयाची तर शासनाने हातावर हात ठेवून बसता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते.

ऊर्जेच्या बाबतीत या विचाराला आणखी दोन कारणांची जोड मिळते. पहिले असे की, कोळसा जाळणाऱ्याला धुराची आणि हवामानावर होणाऱ्या परिणामांची किंमत मोजावी लागत नाही. ती इतरांच्या माथी बसते. त्यामुळे कोळशाची वीज आहे त्याहून स्वस्त दिसते आणि वाऱ्याची वा सूर्याची वीज तिच्याशी असमान स्पर्धेत उतरते. दुसरे कारण ज्ञानाच्या स्वरूपात आहे. पहिली शंभर यंत्रे तयार करणारा कारखानदार ज्या चुका करतो, त्यांतून मिळणारे शहाणपण त्याच्या स्पर्धकांनाही आपसूक मिळते. खर्च त्याने सोसावयाचा आणि लाभ सर्वांनी घ्यावयाचा, अशी स्थिती असल्याने कोणीही पहिला होण्यास राजी नसतो. केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये अनुभवातून शिकण्याच्या या प्रक्रियेची आर्थिक मीमांसा केली. सौरघटाच्या इतिहासात ती तंतोतंत प्रत्ययास येते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट तयार केला. त्यानंतर कित्येक वर्षे त्याला खरा ग्राहक मिळाला तो अंतराळ कार्यक्रमांत, म्हणजे पुन्हा शासनाकडेच.

तेव्हा मदतीचे तत्त्व रास्त आहे. परंतु रास्त तत्त्वातून निघालेली प्रत्येक योजना रास्त असतेच असे नाही.

लोहाराची पवनचक्की आणि विमान कंपन्यांची महायंत्रे

१९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देश खडबडून जागे झाले. पवनऊर्जेसाठी अमेरिकेने आपली अंतराळ संशोधन संस्था कामाला लावली आणि बोइंगसारख्या विमान कंपन्यांना महाकाय पवनचक्क्यांची कंत्राटे दिली. अडीच मेगावॅट क्षमतेची आणि पात्यांचा घेर ९१ मीटर व्यासाचा असलेली यंत्रे एकदम उभारण्यात आली. जर्मनीने १९८३ मध्ये ३ मेगावॅटचे ‘ग्रोव्हियान’ नावाचे यंत्र उभारले. त्या काळी ते जगातील सर्वांत मोठे होते. पैसा होता, नामवंत अभियंते होते, राष्ट्रीय प्रतिष्ठाही पणाला लागली होती. तथापि ग्रोव्हियान आपल्या संपूर्ण आयुष्यात जेमतेम ४२० तास चालले आणि १९८८ मध्ये मोडीत काढावे लागले. अमेरिकेतील महायंत्रांतूनही बाजारात टिकेल असा उद्योग उभा राहिला नाही.

डेन्मार्कची वाट निराळी होती. त्या देशाला पवनचक्कीची परंपरा होती. पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव्ह येथे वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे प्रयोग सुरू केले होते, आणि योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे उभारलेली २०० किलोवॅटची चक्की दहा वर्षे चालली होती. त्याच धर्तीवर १९७० च्या दशकात सुतार, लोहार आणि हौशी तंत्रज्ञ लहान लहान चक्क्या बनवू लागले. कार्ल एरिक यॉर्गेनसेन या लोहाराने हेन्रिक स्टीस्डाल या तरुणाच्या साथीने तयार केलेला आराखडा १९७९ मध्ये शेतीची अवजारे बनवणाऱ्या व्हेस्टास कंपनीने घेतला. आजच्या जागतिक कीर्तीच्या उद्योगाचा प्रारंभ असा ३० आणि ५५ किलोवॅटच्या यंत्रांपासून झाला.

या खटाटोपात शासनाने काय केले? १९७९ पासून पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान देऊ केले. केवळ एवढेच केले असते तर डेन्मार्कचा अनुभव इतरांहून वेगळा ठरला नसता. परंतु अनुदानाला एक अट होती. १९७८ मध्ये रिसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्थापन झालेल्या चाचणी केंद्राची मान्यता असलेल्या चक्कीलाच ते मिळे. त्या केंद्रात मूठभर अभियंते होते. वेग अनावर झाल्यास चक्की थांबवणारी दुसरी स्वतंत्र व्यवस्था हवी, पात्यांची आणि मनोऱ्याची मजबुती सिद्ध झालेली हवी, असे दंडक त्यांनी घालून दिले. नापास झालेल्या कारखानदाराला केंद्राचे अभियंते दोष दाखवून देत. तो सुधारणा करून परत येई.

त्याच्या जोडीला लोकांचा पहाराही होता. चक्क्यांचे मालक बहुधा शेतकरी किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून काढलेल्या सहकारी मंडळ्या असत. त्यांची संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली आणि कोणत्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली याचे आकडे ती आपल्या मासिकात प्रसिद्ध करू लागली. कोणत्या कारखान्याचा माल चांगला हे जाहिरातीवरून ठरवण्याची गरज उरली नाही. पुढे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले आणि १९८९ मध्ये ते बंद झाले. तोपर्यंत उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. आज डेन्मार्कच्या एकूण विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून निर्माण होते.

कॅलिफोर्नियाची धावपळ

नेमक्या त्याच काळात कॅलिफोर्नियात दुसराच प्रयोग चालू होता. केंद्र आणि राज्य यांच्या करसवलती मिळून गुंतवणुकीची जवळजवळ निम्मी रक्कम परत मिळत असे. सवलत होती ती गुंतवणुकीवर. चक्की फिरली की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. परिणामी अल्टामाँट, तेहाचापी आणि सॅन गोर्गोनिओ येथील टेकड्यांवर हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांत चांगल्या होत्या तशा घाईघाईने जोडलेल्या आणि पहिल्याच वादळी ऋतूत निकामी झालेल्याही पुष्कळ होत्या. करसल्लागाराने आखलेली गुंतवणूक म्हणून ज्यांनी त्या घेतल्या होत्या, त्यांना त्याचे फारसे दुःख नव्हते.

१९८५ अखेर केंद्राची सवलत संपली आणि बाजार कोसळला. त्याचा फटका डेन्मार्कलाही बसला. कारण कॅलिफोर्नियात टिकलेल्या चक्क्यांचा मोठा वाटा डॅनिश होता आणि डॅनिश कारखाने त्या एका बाजारावर विसंबून वाढले होते. १९८६ मध्ये व्हेस्टास दिवाळखोरीत सापडली. दुसऱ्या वर्षी केवळ पवनचक्क्यांची कंपनी म्हणून तिची पुनर्रचना झाली. बहुतेक अमेरिकन कंपन्यांना असे दुसरे आयुष्य लाभले नाही. सिद्ध झालेले यंत्र ज्यांच्या हाती होते, त्यांना मंदीनंतर पुन्हा उभे राहता आले, असाच याचा अर्थ होतो.

अमेरिकेने यातून अर्धा धडा घेतला. १९९२ च्या कायद्याने सवलत गुंतवणुकीऐवजी उत्पादित विजेवर, युनिटमागे दीड सेंट या दराने पहिल्या दहा वर्षांसाठी देण्यात आली. यंत्रांचा दर्जा सुधारला. परंतु ही सवलत थोड्या थोड्या मुदतीची असे, आणि १९९९ मध्ये, तसेच २००१ व २००३ अखेर ती वेळेवर वाढवली गेली नाही. तिन्ही वेळा पुढच्या वर्षी नव्या उभारणीत मोठी घट झाली. कारखाना काढणाऱ्याला वर्षभरापुढचे दिसत नसेल तर तो संशोधनात पैसा घालत नाही; हातातील काम उरकून मोकळा होतो. २०२२ च्या कायद्याने दीर्घ मुदतीचे आश्वासन दिले आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्याचा मोठा भाग काढून घेतला, यावरून दुसरा अर्धा धडा तेथे अजून शिकावयाचा राहिला आहे असेच म्हणावे लागेल.

वनकुसवड्याच्या पठारावर

भारतानेही हीच वाट कमी-अधिक फरकाने चोखाळली. अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्रात १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले. कर्जपुरवठ्यासाठी १९८७ मध्ये ‘इरेडा’ ही संस्था स्थापन झाली. परंतु पवनऊर्जेला खरी चालना मिळाली ती प्राप्तिकर कायद्यातील घसाऱ्याच्या तरतुदीमुळे. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता येत असे.

याचा अर्थ सोप्या हिशेबाने समजून घेता येईल. एखाद्या कंपनीला सिमेंटच्या वा कापडाच्या धंद्यात पाच कोटी रुपये नफा झाला आणि कराचा दर ३५ टक्के धरला, तर पावणेदोन कोटी रुपये कर द्यावा लागेल. तिने वर्षअखेरीपूर्वी पाच कोटींच्या पवनचक्क्या घेतल्या की सबंध नफा घसाऱ्यात वजा होऊन त्या वर्षीचा कर शून्यावर येई. काटेकोरपणे बोलावयाचे तर हा कर माफ होत नसे, पुढे ढकलला जाई. परंतु दरवर्षी नवी चक्की घेणाऱ्याला तो दरवर्षी पुढे ढकलता येई. शिवाय वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला निम्माच घसारा मिळतो. त्यामुळे चक्क्या सुरू करण्याची लगबग ऐन वाऱ्याच्या दिवसांआधी होण्याऐवजी सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांत होऊ लागली. सह्याद्रीत वारा सुटतो तो पावसाळ्यात. सप्टेंबर संपताना तो ओसरू लागलेला असतो. वाऱ्याच्या पंचांगापेक्षा कराचे पंचांग वरचढ ठरले ते असे.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला ज्या शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे केंद्राच्या या घसाऱ्याबरोबर राज्याने विक्रीकरात दिलेली सवलतही होती. या धोरणाने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ मध्ये सुरू झालेली आणि पुण्यात मुख्यालय असलेली सुझलॉन ही कंपनी त्याच हवेत वाढली. कापडधंद्यातील तुलसी तांती यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून हा उद्योग काढला. दहा-बारा वर्षांत तो जगातील आघाडीच्या पवनचक्की कंपन्यांत जाऊन बसला. ग्रामीण भागात वीज, रस्ते आणि थोडाफार रोजगार आला. हे श्रेय धोरणाला दिलेच पाहिजे.

परंतु चक्की विकत घेणाऱ्याचे लक्ष तिच्या वीस वर्षांच्या आयुष्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या करपत्रकावर असेल, तर अधिक कार्यक्षम यंत्राची मागणी जोर धरत नाही. मागणी नसेल तर संशोधनही रेंगाळते. भारतीय उद्योगाने तंत्रज्ञान बहुतांशी युरोपातून आणले, ते या पार्श्वभूमीवर समजण्यासारखे आहे. शासनाच्याही हे ध्यानात आले होते. डिसेंबर २००९ मध्ये उत्पादित विजेवर युनिटमागे ५० पैसे देणारी योजना सुरू करण्यात आली. घसारा घ्या किंवा हे ५० पैसे घ्या, असा पर्याय त्यात होता. दिशा योग्य होती. पण मार्च २०१२ अखेर वाढीव घसारा आणि ही योजना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी थांबल्या. २०११-१२ मध्ये सुमारे ३ हजार २०० मेगावॅटची भर पडली होती, ती पुढच्या वर्षी १ हजार ७०० मेगावॅटवर आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला परकीय रोख्यांची परतफेड करता आली नाही. परदेशातील कंपन्या विकत घेण्यासाठी काढलेली कर्जे हे त्याचे मोठे कारण होते. तथापि घरचा बाजार त्याच वर्षी निम्म्यावर यावा ही शासनाची करणी होती. पुढे २०१३ मध्ये एक सवलत परत आली, २०१४ मध्ये दुसरी परत आली, आणि २०१७ मध्ये घसाऱ्याचा दर ४० टक्क्यांवर आणला गेला. डेन्मार्कने दहा वर्षे आधी सांगून पायऱ्या उतरल्या असे नाही, पण त्या एकेक करून उतरल्या. येथे जिनाच काढून घेतला, पुन्हा लावला आणि पुन्हा हलवला.

सूर्याच्या बाबतीत काय घडले

जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने वेगळी पद्धत स्वीकारली. पैसे विजेचे मिळणार होते, आणि जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्याला कंत्राट मिळणार होते. नियामक आयोगाने प्रारंभी जवळजवळ १८ रुपयांचा दर धरला होता. २०१० च्या अखेरीस पहिल्याच निविदांत तो ११ रुपयांच्या आसपास उतरला, मे २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली गेला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौरक्षमता १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. विजेचे पैसे मोजले आणि वीज मिळाली, स्वस्त मिळाली.

मात्र येथेच तत्त्वाची दुसरी बाजूही दिसते. शासनाला केवळ वीज नको होती, सौर पॅनेलांचा देशी उद्योगही हवा होता. त्यासाठी अभियानाच्या पहिल्या टप्प्यात स्फटिकी सिलिकॉनची पॅनेले देशी असावीत अशी अट घातली. पातळ थराच्या पॅनेलांना मात्र त्यातून वगळले. विकासकांनी साहजिकच परदेशी पातळ थराची पॅनेले आणली. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या निर्यात बँकेचे स्वस्त कर्जही मिळत होते. त्याच अमेरिकेने २०१३ मध्ये देशी मालाच्या अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये भारत ते प्रकरण अपिलातही हरला. दरम्यान चीनने आपल्या कारखान्यांना कर्ज, जमीन आणि बाजार पुरवून सौरउद्योगाच्या प्रत्येक टप्प्यावर जगातील चार पंचमांशांहून अधिक क्षमता आपल्याकडे घेतली. त्याच्या किंमतयुद्धात जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये बुडाली, आणि पुढच्याच वर्षी चीनमधीलच सनटेकही बुडाली.

तात्पर्य, विजेचे पैसे दिल्याने विजेचा उद्योग उभा राहतो, यंत्राचा उद्योग आपोआप उभा राहत नाही. यंत्राचा उद्योग हवा असेल तर त्यासाठी रिसोसारखे चाचणी केंद्र, संशोधनाचा खर्च आणि स्थिर घरगुती बाजार यांची वेगळी योजना करावी लागते. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्कासुद्धा संशोधनावर खर्च करत नाही, हे येथे विसरून चालणार नाही.

बुडालेले कर्ज आणि फेडलेले कर्ज

नव्या तंत्रज्ञानाला मदत करावयाची म्हणजे काही पैसा बुडणार, हे गृहीत धरावे लागते. अमेरिकन शासनाने सप्टेंबर २००९ मध्ये सोलिंड्रा या कॅलिफोर्नियातील कंपनीला साडेत्रेपन्न कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. सिलिकॉन महाग असल्याने त्याशिवाय चालणारी नळीच्या आकाराची सौर पॅनेले बनवण्याची तिची कल्पना होती. शुद्ध सिलिकॉनचा भाव २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता. २०११ अखेर तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला. कंपनीचा पायाच निखळला आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिने दिवाळे काढले. वॉशिंग्टनमध्ये त्यावरून मोठे राजकीय वादळ उठले.

त्याच सुमारास, जानेवारी २०१० मध्ये, टेस्ला या विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीला शासनाने साडेशेहेचाळीस कोटी डॉलर कर्ज दिले. ते मे २०१३ मध्ये, मुदतीच्या कितीतरी आधी, फेडले गेले. ऊर्जा खात्याने २०१४ च्या अखेरीस जो हिशेब दिला, त्यात अशा कर्जांवरील तोटा सुमारे ७८ कोटी डॉलर आणि व्याजाची मिळकत ८१ कोटी डॉलर होती. अर्थात सर्व कर्जांचा एकत्र विचार केला तर योजना फसली असे म्हणता येत नाही.

खरा आक्षेप दुसरा आहे, आणि तो मारियाना मात्सुकातो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी ठामपणे मांडला आहे. टेस्लाच्या करारात शासनाला समभाग घेण्याचा काही हक्क होता. परंतु कर्ज लवकर फेडले गेल्यास तो संपुष्टात यावयाचा होता, आणि तसेच झाले. पुढे त्या समभागांची किंमत गगनाला भिडली. बुडालेल्या कंपनीचा तोटा करदात्याच्या वाट्याला सबंध आला, तरलेल्या कंपनीच्या भरभराटीतून त्याला फक्त व्याज मिळाले. खाजगी गुंतवणूकदार दहांपैकी सात प्रकल्प बुडाले तरी उरलेल्या तिघांच्या नफ्यातून सावरतो. शासनाने धोका त्याच्यासारखा पत्करावा आणि मोबदला मात्र सावकाराइतकाच घ्यावा, या व्यवहाराचे समर्थन करणे कठीण आहे.

नव्या योजनांची कसोटी

या अनुभवाच्या प्रकाशात भारताच्या चालू योजनांकडे पाहिले तर काही गोष्टी समाधानकारक वाटतात. सौर पॅनेले आणि बॅटऱ्या यांच्यासाठीचे प्रोत्साहन माल तयार होऊन विकला गेल्यावर द्यावयाचे आहे. केवळ कारखान्याची इमारत उभी करून ते पदरात पडत नाही. पॅनेले जोडण्याची देशी क्षमता त्यामुळे आणि आयातशुल्कामुळे वेगाने वाढली आहे. पण पॅनेलातील सौरघट, त्याच्या आतील सिलिकॉनच्या चकत्या आणि मूळचे शुद्ध सिलिकॉन यांच्याकडे जसजसे जावे तसतशी ही क्षमता आटत जाते. बॅटऱ्यांच्या योजनेत ५० गिगावॅट-तास क्षमतेचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्ष उभारणी त्या मानाने फारच मागे राहिली आहे. सुटे भाग आणून जोडणे आणि तंत्रज्ञान आत्मसात करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदानाच्या अटींत हा भेद जितका स्पष्ट असेल तितकाच तो कारखान्यांत दिसेल.

१ लाख कोटी रुपयांच्या संशोधन योजनेची खरी परीक्षा याच मुद्द्यांवर व्हावयाची आहे. अल्प व्याजाने वा बिनव्याजी दीर्घ मुदतीची कर्जे आणि काही प्रसंगी भागभांडवल, असे तिचे स्वरूप आहे. भागभांडवलाची वाट उघडी ठेवली हे चांगले झाले. यशस्वी ठरलेल्या कंपन्यांच्या नफ्यातून पुढील संशोधकांसाठी निधी उभा राहू शकेल. मात्र त्यासाठी हा हक्क करारात स्पष्टपणे लिहिलेला हवा आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडून तो टाळता येणार नाही अशी व्यवस्था हवी. हप्ते कामाचे टप्पे तपासून द्यावेत आणि तपासणारे अभियंते पैसा वाटणाऱ्यांपासून स्वतंत्र असावेत. मदत कधी आणि कशी घटत जाईल हे पहिल्याच दिवशी जाहीर व्हावे, आणि एकदा जाहीर झालेला तक्ता अर्थसंकल्पागणिक बदलू नये.

सर्वांत कमी खर्चाची आणि म्हणूनच कदाचित सर्वांत दुर्लक्षित अट प्रसिद्धीची आहे. डेन्मार्कमधील चक्कीमालकांच्या मासिकाने जे केले, ते आजच्या साधनांनी कितीतरी सोपे झाले आहे. सार्वजनिक पैशाची मदत घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने किती पैसा घेतला, किती वीज वा किती माल दिला आणि त्याचा दर्जा चाचणीत काय ठरला, हे वर्षातून एकदा सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे. व्यापारी गुपिताची सबब यंत्राच्या रचनेपुरती मान्य करता येईल, हिशेबापुरती नाही.

आपल्या गरजेच्या खनिज तेलाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग भारत आयात करतो. उद्याच्या ऊर्जेची यंत्रेही आयातच करावयाची असतील तर एका परावलंबनातून निघून दुसऱ्यात शिरल्यासारखे होईल. म्हणून ही मदत हवीच, आणि आजच्याहून मोठी झाली तरी वावगे नाही. परंतु ती ज्यांच्या करातून दिली जाते त्यांना, महिनाअखेरीस पगारपत्रकातील कपातीचा आकडा पाहताना, त्या रकमेतून किती वीज निर्माण झाली आणि कोणते यंत्र देशात बनू लागले, हे विचारण्याचा अधिकार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येईल अशाच अटींवर यापुढील प्रत्येक रुपया दिला गेला पाहिजे.